यादीतला शेवटून दुसरा डाकू

पेशंट ऑपरेशनच्या फॉर्मवर सही करायला तयार नव्हता, आणि सहीशिवाय डॉक्टर हात लावायला तयार नव्हते. मी फाइल घेऊन दोघांच्या मध्ये उभा होतो.

ही साठच्या दशकातली गोष्ट. दुबईत तेव्हा मोठ्या जहाजांसाठी धक्का नव्हता. जहाज बाहेर समुद्रात नांगर टाकायचं आणि माल बार्जमधून खाडीत यायचा. रत्नागिरीहून जाऊन मी एका शिपिंग एजंटकडे क्रू क्लार्क म्हणून लागलो होतो. जहाजावरच्या माणसांचे कागद सांभाळायचे, कोणी आजारी पडला तर त्याला लाँचमधून उतरवून हॉस्पिटलात पोचवायचं, हे माझं काम.

त्या सकाळी हाँगकाँगच्या एका जहाजावरून तिशीचा एक खलाशी उतरवला. पोट धरून दुमडला होता. डॉक्टर म्हणाले, "अपेंडिक्स. आज काढलं नाही तर फुटेल."

सोबत जहाजाचा कूक आला होता, मिस्टर ली. जन्म कलकत्त्याचा, म्हणून हिंदी बोलायचा. खलाशाशी बोलून तो मला म्हणाला, "बोलता है, इसी से मरेगा. किताब में लिखा है."

"कौनसी किताब?"

मग लीने सांगितलं ते असं. चीनमध्ये डाकूंची एक जुनी, जाडजूड कादंबरी आहे. डाकू शंभराच्या वर, आणि त्यांची मानाप्रमाणे यादी. त्या यादीत शेवटून दुसरा एक चोर आहे. हलक्या पायाचा, छपरांवर सरसर चढणारा. हा खलाशीही डोलकाठीवर तसाच चढायचा, म्हणून जहाजावर सगळे त्याला त्या चोराच्या नावाने हाक मारत.

"आणि त्या चोराचं काय झालं?"

"लढाई जिंकले. परत निघायच्या वेळी त्याचं पोट दुखलं. मेला. पुस्तकात दोन ओळी, खलास."

"मग याचं काय?"

"याचं काँट्रॅक्ट या ट्रिपला संपतं. हाही घरीच चाललाय."

मी म्हटलं, गोष्ट ती गोष्ट. लीने ते चिनीत सांगितलं. खलाशाने भिंतीकडे तोंड वळवलं.

ऑफिसला फोन लावला. मॅनेजर डिसोझासाहेब म्हणाले, "एजन्सीतर्फे तुम्ही सही करा."

"डॉक्टर नाही म्हणतात, सर. माणूस शुद्धीवर आहे."

"मग समजवा त्याला. जहाज उद्या निघतंय."

परत येऊन मी कागद चाळत बसलो. दुसरं काही सुचत नव्हतं. खलाशाच्या बुकात, म्हणजे त्याच्या पासपोर्टसारख्या वहीत, नाव होतं चान फूक. क्रू लिस्टवर, म्हणजे जहाजावरच्या माणसांच्या यादीत, भलतंच. फॉर्म मी क्रू लिस्टवरून भरला होता.

"हे नाव कोणाचं?" मी लीला विचारलं.

त्याने वाचलं. "उस किताबवाले चोर का."

कोणीतरी कानावर पडलं तेच टाइप केलं होतं. म्हणजे मेलेल्या चोराच्या नावापुढे सही करा, असं मी या माणसाला सकाळपासून सांगत होतो.

नियम असा की हॉस्पिटलचा कागद क्रू लिस्टशी जुळला पाहिजे. बदल करायचा तर कॅप्टनची सही हवी, आणि कॅप्टन पाच मैल बाहेर समुद्रात. मी फॉर्म फाडला. नवा घेतला, चान फूक लिहिलं आणि लीला विचारलं, "त्या डाकूंमध्ये कोणी डॉक्टर नव्हता?"

"था. बहुत अच्छा था. पण राजाने त्याला आधीच राजधानीत बोलावून घेतलं."

"मग याला सांगा, त्या चोराजवळ डॉक्टर नव्हता. याचा डॉक्टर समोर उभा आहे. आणि कागदावर नाव याचं स्वतःचं आहे."

ली बराच वेळ बोलला. मी सांगितलं त्यापेक्षा जास्तच. खलाशाने फॉर्म मागून घेतला, नाव दोनदा वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. जहाज दुसऱ्या दिवशी गेलं. चान तीन आठवड्यांनी दुसऱ्या जहाजाने घरी गेला. जाताना त्याने दोन्ही हातांनी माझा हात धरला. बोलायला मध्ये ली नव्हता.

क्रू लिस्ट दुरुस्त करून घ्यायला मला इमिग्रेशनला चार खेपा पडल्या. वर डिसोझासाहेबांचा मेमो आला: क्रू क्लार्कने परस्पर नावं बदलू नयेत. मेमो बरोबर होता. मी तो फाइलला लावला.

फॉर्म भरण्याआधी समोरच्या माणसाला त्याचं नाव विचारावं. मेमोत हे नव्हतं, पण पुढे नोकरीभर मी तेवढं पाळलं.