तारेवरचे चार चिमटे

भर वरातीत नवरदेवाची गाडी बंद पाडायची, आणि तीसुद्धा साबण लावून... हा पराक्रम माझा. पन्नास वर्षं मी तो कुणाला सांगितला नाही. दोष दुसऱ्याच माणसाच्या डोक्यावर राहिला, आणि तो माणूस, आमच्या जुन्या जालन्यातले मिस्त्री उस्मानभाई, दीड महिन्यापूर्वी गेले. फोन आला तेव्हा मी वाळलेलं धुणं काढत होते. हातात चिमटा होता, तो धरूनच पायरीवर बसले. नातीनं विचारलं, “आजी, काय झालं?” म्हटलं, “काही नाही गं. एक गोष्ट सांगायची राहून गेली.”

माझे सासरे, अण्णा, कापडाचे व्यापारी. धोतर दोन वर्षं पुरवणारा माणूस, पण हैदराबादेहून एक जुनी अमेरिकन गाडी घेऊन आले होते. आठ सिलिंडरची. इतकी लांब, की आमच्या गल्लीत तिचं नाक उन्हात असायचं आणि शेपूट सावलीत. सुरू झाली की शेजारच्या दुकानातली काचेची बरणी थरथरायची. गावात कुणाचंही लग्न असो, नवरदेवासाठी अण्णांची गाडी जायची, आणि तिची नाडी फक्त उस्मानभाईंना कळायची. उन्हाळ्यात ती तापली की पेट्रोलची नळीतच वाफ व्हायची आणि गाडी बंद पडायची. उस्मानभाईंनी त्यावर तोड काढली होती. इंजिनाजवळच्या पंपावर आणि नळीवर तरटाची पट्टी गुंडाळायची, ती कपड्याच्या लाकडी चिमट्यांनी धरून ठेवायची आणि निघताना तरट पाण्यानं भिजवायचं. दिसायला ध्यान, पण चैत्र-वैशाखात गाडी त्या तरटावर चालायची.

त्या वैशाखात मी घरात नवी होते. एकवीस वर्षांची, शिकलेली, आणि आपल्याशिवाय या घराला शिस्त नाही असं ठाम समजणारी. मामेसासऱ्यांच्या मुलाचं लग्न होतं. सकाळी माझ्या नवऱ्यानं बोनेट उघडून ठेवलं आणि तो हार आणायला गेला. मी आत डोकावले. एवढी देखणी गाडी आणि पोटात काळं, कुबट तरट! माझ्या जिवाला ते बघवेना. तरट ओढून उकिरड्यावर टाकलं, नळ्या साबणाच्या फडक्यानं लख्ख पुसल्या. चिमटे मात्र चांगले निघाले, ते धुऊन तारेवर वाळणाऱ्या सासूबाईंच्या लुगड्याला लावले. आणि स्वतःवर खूश होऊन वेणीत गजरा माळला. त्या मुलीला आज भेटले तर आधी तो गजरा काढून घेईन.

वरात चारला निघाली. निघायच्या घाईत तरट भिजवायचं कुणाला आठवलंच नाही. पुढे बँड, मागे गोगलगायीसारखी गाडी, वर ऊन. धान्याच्या दुकानांपाशी गाडीनं दोन आचके दिले आणि गप्प झाली. माझ्या नवऱ्यानं दहादा चावी फिरवली, नुसताच घर्र आवाज. बँडवाल्यांनी एकच गाणं तीनदा वाजवलं. नवरदेव घामानं निथळत, बाशिंग वाकडं. शेवटी त्याला कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसवून मांडवात नेलं. तोवर सायकलवरून उस्मानभाई आले.

त्यांनी बोनेट उघडलं. लख्ख नळी बघितली. मान वर करून गर्दीवर नजर फिरवली, आणि ती बायकांच्या घोळक्यात माझ्यावर येऊन थांबली. माझा चेहरा म्हणजे तेव्हा दुसरं उघडं बोनेटच! अण्णा चारचौघांत कडाडले, “मिस्तरी, काल सांजच्याला गाडी तुमच्याकडूनच आल्ती ना? हे काम केलं का तुम्ही? भर बाजारात नाक कापलं माझं!”

उस्मानभाईंनी खांद्यावरचं फडकं काढलं. कुणाच्या तरी घागरीतल्या पाण्यात बुडवलं. पंपाला गुंडाळत खाली मान घालून म्हणाले, “चुकलं अण्णा. माझ्याकडूनच राह्यलं.”

मी दोन पावलं पुढे आले... आणि तिथंच थांबले. नवी सून सासऱ्यासमोर भर रस्त्यात बोलणार कशी, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. खरं सांगू? भ्याले. अर्ध्या तासात गाडी सुरू झाली, पण गावाला नाव सापडलं होतं. ‘वरातवाले मिस्त्री’. त्या हंगामात लग्नाची एक गाडी त्यांच्याकडे गेली नाही.

अण्णांनी दुसरा मिस्त्री बघितला. त्याला ती गाडी काही केल्या आवरेना. पुढच्या उन्हाळ्यात अण्णांनीच निरोप धाडला आणि उस्मानभाई आले. अंगणातल्या तारेवर त्यांचे चार चिमटे होते, एकावर ऑइलचा काळा डाग तसाच. मी धावत काढायला गेले, तर म्हणाले, “राहू द्या वैनी. धुण्यालाच बरे हायेत. आता बंदोबस्त पक्का करतो.” कडक झालेली रबरी नळी त्यांनी बदलली. सायलेन्सरच्या पाईपाजवळून जाणारी धातूची नळी उचलून लांबून, चासीच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या कडेनं फिरवली. मध्ये पत्र्याचा आडोसा घातला. मग माझ्याकडे वळून, कुणी विचारलं नसताना म्हणाले, “विहिरीवरची मोटार हवा धरती ना वैनी, तसंच हे. पंप पाणी वढू शकतो, हवा न्हाई. गाडी बंद पडली की घाबरायचं न्हाई. बोनेट उघडायचं, थंड होऊ द्यायचं. जल्दी केली की बिघडतं.” तेव्हा मला ते गाडीबद्दल बोलतायत असंच वाटलं.

मी काय केलं? चहा केला. दोन चमचे साखर जास्त घालून. तोंडातून शब्द निघेना की माझा हात साखरेच्या डब्यात जातो. मग ते दर महिन्याला गाडी बघायला येत राहिले. अण्णा गेले, बाजारात गाड्या बदलल्या, आमची ती शेडमध्ये उभी राहिली, तरी ते येत आणि पाच मिनिटं तिला सुरू करून ऐकत. मी चहा देई. एकदा म्हणाले, “वैनी, साखर स्वस्त झाली का?” मी हसले. तेव्हा बोलता आलं असतं...

परवा, चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर, उस्मानभाईंच्या घरी गेले. पिशवीत चारही चिमटे. बाजेजवळ त्यांचा चष्मा अजून खिळ्याला टांगलेला. त्यांच्या बायकोसमोर, रशीदा भाभींसमोर चिमटे ठेवले आणि तरट, साबण, गजरा सगळं सांगून टाकलं. म्हटलं, अण्णांनी चारचौघांत बोल लावला होता, म्हणून मीही हे पेपरात लिहिणार आहे, चारचौघांतच. ‘वरातवाले मिस्त्री’ ते नव्हते, मी होते.

भाभींनी डागाचा चिमटा उचलला, उघडझाप करून बघितला, बाकीचे तीन माझ्याकडे सरकवले आणि म्हणाल्या, “तुमच्याकडून आले की मी दर टायमाला विचारायची, ‘आज बोली क्या?’ तर हसायचे अन् म्हणायचे, ‘नहीं बोली. पर चाय में शक्कर आज भी ज्यादा थी... ठंडी होने दे, बोलेगी.’”