न भुंकणारा राखणदार

माझ्या कुत्र्याला भुंकता येत नव्हतं. यात त्याची काहीच चूक नव्हती. चूक माझी, कारण मी बायकोला 'घर राखायला वाघ आणतोय' असं सांगून बसलो होतो!

मी तेव्हा कागलच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीत स्टोअरकीपर होतो. तिथल्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांवरचे प्रयोग संपले आणि साहेबांनी विचारलं, "ह्यांना घरी कोण नेणार?" सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. माझा हात वर गेला. (डास मारायला!)

माझ्या वाट्याला आलेला कुत्रा, मोत्या, स्कूटरवर पुढं उभा करून मंगळवार पेठेतल्या घरी आणला. जन्मापासून पिंजऱ्यात वाढलेला तो. अंगणातल्या मातीत पाय टाकायला घाबरायचा. मांजर दिसलं की माझ्यामागं लपायचा. आणि घरी कुणीही आलं की निमूट बसून पुढचा पाय पुढं करायचा. सुई टोचून घ्यायची सवय! ते बघून मला भरून आलं.

बायकोला नाही आलं. तिचं माहेर मुरगूडचं.

"आमच्या मळ्यातलं कुत्रं एसटीच्या मागं धावतंय! आन् ह्यो? जो ईल त्येच्यापुढं पाय करतोय. धुवून घ्यायला जावई हाय काय?"

"अगं, रुळंल की हळूहळू!"

"आयतवारपतोर भुंकला तर ऱ्हाईल. न्हाईतर जिथनं आणलाय तिथं सोडून या!"

पुन्हा पिंजरा! मी अंगणात बसून त्याला स्वतः भुंकून दाखवलं. शेजारच्या बापूंनी भिंतीवरून डोकावून विचारलं, "काय ओ, बरं हाय न्हवं?" मोत्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पाय पुढं केला.

रविवारी सकाळी शेवटचा उपाय. बायको मटण आणायला बाहेर पडल्यावर मी डोक्यावरून घोंगडं घेतलं आणि चोरासारखी परसातल्या भिंतीवरून आत उडी टाकली. मोत्या आला. हुंगलं. बसला. पाय पुढं!

"लेका, भुंक की!" मी घोंगड्यातून ओरडलो.

ऐकलं बायकोनं. डबा विसरला म्हणून ती परत आली होती! "चोर! चोर!" करत कपडे धुवायचं धोपटणं घेऊनच धावली. पहिला तडाखा पाठीत बसला. दुसरा कुठं, ते सांगत नाही.

"अगं, मी हाय, मी!"

"वळखलं!" म्हणत तिनं तिसरा हाणला.

एवढ्यात मोत्या आमच्या मधे येऊन उभा राहिला. चारी पाय लटलटत होते. तरी बायकोकडं बघून गंजलेल्या बिजागरीसारखा त्याचा आवाज निघाला, "भोऽऽ!"

धोपटणं खाली आलं. बायको त्याच्याकडं बघतच राहिली. मग खाली बसून त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "ऱ्हाऊ दे ह्येला. माझ्यापुढं तोंड उघडणारं ह्या घरात एकजण तरी पायजेच होतं!"

मी घोंगड्याच्या आतूनच मान डोलावली.