अळणी व्रतातला फ्रेंच चुरमा

आता तुम्हीच सांगा, संतापू नको तर काय करू? फजिती माझीच झाली, पण आठवलं की अजून कानशिलं तापतात!

यांचा व्हिसा वाढवायचा होता, पासपोर्ट लंडनजवळ क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसात अडकलेले. इकडे मिल्टन कीन्समध्ये मी सोळा सोमवार धरले. माझं बघून सुषमा आणि केतकी या मैत्रिणींनीही धरले. त्यांच्याही घरी तोच घोर. नियम कडक! सोमवारी मिठाचा कण पोटात जाता कामा नये. संध्याकाळी पूजा, मग कणकेचा गोड चुरमा.

शेवटच्या सोमवारी शॉपिंग सेंटरबाहेर फ्रेंच मार्केट लागलेलं. हातभर लांब, खरपूस ब्रेड! म्हटलं, याचाच चुरमा केला तर? गहूच की तो! पण अशी कशी घेईन?

"एग आहे का यात?"

"नो, मॅडम."

"लार्ड? बटर? मिल्क?" डुकराच्या चरबीपासून दुधापर्यंत सगळं विचारून घेतलं.

"नो, नो! ट्रॅडिशनल ब्रेड. व्हेरी हेल्दी!" स्टॉलवाल्यानं पाटीकडं बोट केलं.

फॅट जवळजवळ नाहीच. प्रोटीन, आयर्न, कॅल्शियम आणि सोडियम तर भरपूर! एवढं सत्त्व आमच्या पोळीत तरी कुठलं हो?

घरी येऊन लगेच सुषमाला फोन. "अगं, कणीक मळत बसू नकोस. केतकीलाही सांग, चुरमा माझ्याकडं. आणि यात सोडियम आहे बरं का! तुझे गुडघे दुखतात ना? दोन घास जास्तच खा!"

पूजा झाली. कुस्करलेल्या ब्रेडमध्ये तूप-गूळ घालून नैवेद्य दाखवला आणि तिघी पोटभर जेवलो. मी पुन्हा सोडियमचं कौतुक करतेय, तोच माझी लेक रिया म्हणाली, "मम्मी, ते तर सॉल्ट असते! स्कूलमध्ये सायन्सला शिकवली आम्हाला."

केतकी रडायलाच लागली. "ताई, आमचा व्हिसा गेला हो!"

दुसऱ्या दिवशी तणतणत स्टॉल गाठला. "फसवलंत मला! यात मीठ आहे!"

"ऑफ कोर्स! यू नेव्हर आस्क्ड सॉल्ट, मॅडम. तुमच्या ब्रेडमध्ये घालत नाही?"

मेला वर मलाच विचारतो! घालते की. अगदी रोज, पोळीच्या कणकेत! तशीच पाय आपटत घरी आले.

त्याच आठवड्यात तिन्ही घरचे पासपोर्ट आले, शिक्क्यासकट! भोळा सांब तो, त्यानं माफ केलं. पण या दोघी? परवा केतकीकडं सत्यनारायण होता. आमंत्रणाचा फोन आला, "ताई, लवकर या, पोटभर जेवा. फक्त येताना काही आणू नका, आणि कुणाला काही खायला सांगू नका!"