ओढ्याकाठी बदललेले बूट

माझ्याच आळीतल्या दोस्ताने मला फसवले. बुटांत फसवले, आणि तेही पलटणीत.

चीनच्या लढाईनंतर भरती जोरात होती. भुकूमहून आम्ही दोघे एकदमच गेलो. निघताना वडील म्हणाले, "आठ दिसांत पळून येशील, बघ." तेव्हाच ठरवले, गावच्या जत्रेला वर्दीत, बूट वाजवत यांच्या समोरून जायचे. शिकाऊ जवानांना सुट्टी नव्हतीच. पण तपासणीत पहिला येईल त्याला जत्रेला सोडतो, असे उस्ताद म्हणाला होता. उस्ताद म्हणजे आम्हाला कवायत शिकवणारा हवालदार.

बूट काळेकुळकुळीत. तळाला खिळे, टाचेला नाल. एवढी चीज रस्त्यावर झिजवायची? आमच्याकडची माणसे पुण्याला जाताना वहाणा हातात धरून चालत आणि शहर आले की पाय धुऊन घालत. मीही तेच करी. तपासणीच्या आदल्या दिवशी लांबची चाल होती. उस्ताद सायकलवर पुढे, आम्ही दोघे रांगेच्या शेपटाला. मी बूट काढून गळ्यात अडकवले.

"लई खडखडत्यात रं," दोस्त म्हणाला. "दे, माझ्या पिशवीत टाकतो. रविवारचा तुझा शिरा मला."

"अर्धा."

"बरं बाबा, अर्धा."

सौदा मारला म्हणून मी खूश. छावणीअलीकडच्या ओढ्यात मी पाय धुतले, तोवर त्याने मागे बसून बूट पुसून ठेवले. वरून आरसा! मी घातले आणि निघालो. बैल घेताना दात, खूर, शेपूट बघणारा मी; बूट काही उलटा करून बघितला नाही. माप दोघांचे एकच, आणि बुटांवर नंबर ठोकायचे अजून बाकी होते.

सकाळी उस्तादाने एकेकाला पाय मागे उचलायला लावला.

"ह्ये बूट पेन्शनीत निघालं की रं! खिळं कुटं गेलं?"

"उस्ताद, ह्ये माझं न्हाईत! माझं ह्याच्या पायात हायेत!"

"व्हय? मग काल तू काय घालून चाललास?"

गप्प बसलो असतो तर निभावले असते. पण माझे डोके फिरले होते.

"अनवाणी!" मी ओरडलो.

"मग आता घाल गळ्यात," उस्ताद शांतपणे म्हणाला.

जत्रेच्या दिवशी मी गळ्यात बूट घालून मैदानाला फेऱ्या मारत होतो. कडेला बसलेली पोरे विचारत होती, "पाव्हणं, बाजार किती लांब हाय अजून?"

आणि तो पहिला आला, माझे बूट वाजवत भुकुमात फिरला. वडिलांनी ते हात लावून पाहिले म्हणे, आणि म्हणाले, "आमच्याला न्हाई जमायचं ह्ये."

वडील गेले. तू मात्र, दोस्ता, अजून दर जत्रेला पारावर बसून, ते बूट कसे वाजले ते रंगवून सांगतोस. यंदा मी समोर बसणार आहे. बूट कुणाचे होते, चारचौघांत सांग. आणि पुढच्या रविवारी माझा अर्धा शिरा मोजून खाल्लास, तो कशाबद्दल, तेही सांग.