पेठेच्या पडव्या राखणारे हुसेनभाई

हुसेनभाईंची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. लग्न होऊन मी पुण्याहून या पेठेत आले, त्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. बाजारच्या दिवशी लोक आमच्या पडवीत येऊन टेकायचे, विड्या ओढायचे, पान खाऊन खांबाशी थुंकायचे. मी यजमानांच्या मागे लागले, की पडवीला पुढून भिंत घाला. त्यांनी पेठ समितीकडे विचारणा केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लाकडाच्या वखारीचे मालक, एक उंच, सावळे गृहस्थ हातात सुतळीचा गुंडा घेऊन दारात हजर झाले. त्यांनी सुतळीचं एक टोक डावीकडच्या शेजाऱ्यांच्या खांबाला बांधलं, दुसरं उजवीकडच्या खांबाला, आणि डोळा बारीक करून बराच वेळ पाहिलं.

"बाई, ही भिंत व्हायची न्हाई," ते म्हणाले.

"घर आमचं आहे," मी म्हटलं.

"घर तुमचं हाय. पडवी भिजणाऱ्याची हाय. नांदे गावची बाई पोर काखंला मारून बाजाराला येती. पाऊस आला तर तिनं कुटं उभं राहायचं, सांगा की."

"तुमच्या वखारीत उभी करा!"

"तितं बी उभ्या राहत्यात," असं शांतपणे म्हणून त्यांनी सुतळी गुंडाळली आणि ते निघून गेले. भिंत झाली नाही. आजही बाजार उठला की मी बादली घेऊन खांब धुते आणि हुसेनभाईंच्या नावानं खडे फोडते. हे त्यांनाही माहीत आहे, म्हणून त्यांच्या या गौरव अंकात लिहायला संकोच वाटत नाही.

पेठ न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगते. एकच लांब रस्ता, दोन्ही अंगांना घरं, सागवानी खांब आणि पुढे झुकलेली छपरं. प्रत्येक घराची पडवी शेजारच्या पडवीला लागून असते. मुळशीचा पाऊस सगळ्यांना ठाऊक आहे. पण आमच्या पेठेत या टोकाला शिरलेला माणूस त्या टोकाला कोरडा निघायचा. स्वराज्य आलं, लोकांच्या हातात चार पैसे खुळखुळू लागले, ट्रकनं विटा आणि सिमेंट यायला लागलं. मग जो उठला तो पडवी बुजवून दुकान काढायला निघाला. तेव्हा पंचायतीनं समिती नेमली. रस्त्यावरून दिसणाऱ्या भागाला हात लावायचा तर आधी समितीला विचारायचं, असं ठरलं आणि प्रमुख म्हणून हुसेनभाईंना बसवलं. त्यांची लाकडाची वखार, लाकडाची पारख तीन पिढ्यांची. लगेच जिभा सुटल्या. वखारवाला विटांना नाहीच म्हणणार, म्हणे! हुसेनभाईंनी त्याच वर्षी पेठेतल्या घरांना लाकूड विकणं बंद केलं. मग वाशासाठी पुण्याला हेलपाटा पडतो म्हणून त्याच लोकांनी पुन्हा त्यांनाच शिव्या घातल्या. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार?

समितीला एक नेम हुसेनभाईंनी स्वतः घालून दिला होता. पंचांनी कुणाचा उंबरा ओलांडायचा नाही. "पंच झालो म्हनून लोकांच्या माजघरात डोकवायचं न्हाई. आतमंदी बायाबापड्या असत्यात. रस्त्यावरनं दिसतं तेवढंच आपलं," असं ते सांगत. या नेमाचं सगळ्या पेठेनं कौतुक केलं. मीही केलं.

इथवर लिहून हार घालून मोकळं होता आलं असतं. संपादक मंडळातल्या एकदोघांनी तसं सुचवलंही, की शुभप्रसंगी अप्रिय कशाला. पण माहिती विचारायला मी वखारीत गेले तेव्हा हुसेनभाईंनी एवढंच सांगितलं, "बाई, म्हादूचं लिवणार असाल तर लिवा. न्हाईतर माज्यावर एक अक्षर बी लिवू नका."

म्हणून लिहिते. आमच्या घरापासून तिसरं घर सरूबाईंचं. त्या विधवा, म्हादू त्यांचा एकुलता एक मुलगा. पंचविशीचा असेल, भाताच्या गिरणीवर कामाला होता. त्यानं समितीकडे मागणी केली, की दर्शनी बाजू पूर्ण उतरवून विटांची भिंत घालू द्या. हुसेनभाई सुतळी घेऊन आले. मी माझ्या पडवीतून सगळं पाहत होते. त्यांनी प्रत्येक खांब बोटांच्या पेरांनी वाजवला, वाकून बुंधे पाहिले.

"खणखणीत हाय की रं लाकूड," ते म्हणाले.

"चाचा, बाहेरनं खणखणीत हाय," म्हादू म्हणाला. "आत या, आतनं बघा. तुळई भिंतीत शिरती तितं वाळवीनं भुसा केलाया. रात्री आई झोपती तिच्याखाली."

"उंबरा ओलांडायचा न्हाई. नेम हाय."

"आवो, मीच बोलवतोय ना तुमाला!"

"आज तू बोलवशील, उद्या दुसऱ्याच्या घरात मी आपनहून शिरंन."

मागच्याच महिन्यात दोघांनी "आतून सडलंय" असं सांगून पडव्या बुजवल्या होत्या आणि तिथे दुकानं थाटली होती. हाही त्यातलाच, असं समितीला वाटलं. खरं सांगायचं तर पेठेतल्या सगळ्यांनाच वाटलं. पावसाळा सरल्यावर बघू, असा निकाल झाला. म्हादूनं पुन्हा विचारलं नाही. त्यानं आईची वळकटी मागच्या, एकालाच पुरेल अशा खोलीत टाकली आणि स्वतः पुढे तुळईखाली झोपू लागला.

श्रावणात झड लागली होती. एका पहाटे तुळई आतल्या टोकाकडून सुटली आणि माळा, कौलं, भिंतीची माती सगळं म्हादूवर आलं. आम्ही धावलो तोवर हुसेनभाई पोचले होते. त्या दिवशी त्यांनी उंबरा ओलांडला. हातांनी माती उपसली, नखं फुटली, रक्त आलं, तरी थांबले नाहीत. म्हादूला बाहेर काढलं तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं. बाहेरचे खांब मात्र जागच्या जागी उभे होते.

पेठ काय काय बोलली ते लिहिण्याजोगं नाही. कुणी वखार काढली, कुणी जात काढली. ग्रामसभा भरली तेव्हा सरपंचांनी सावरून घ्यायचा प्रयत्न केला, की यंदा पाऊसच तसा होता. हुसेनभाई उभे राहिले.

"पाऊस दर साली येतो," ते म्हणाले. "पोरानं आत बोलावलं, मी गेलो न्हाई. नेम माजा, नकार माजा. आजपासून मी समितीत न्हाई."

भिंतीशी सरूबाई बसल्या होत्या. त्या बसल्या जागेवरूनच बोलल्या.

"सुटताय व्हय, भाई? माजं घर बघाया तुमाला उंबरा आडवा आला. आता पेठंतल्या दर घरात शिरा. दर तुळई बघा. मेल्याबिगर हे काम सोडायचं न्हाई."

हुसेनभाईंनी होकारार्थी मान हलवली आणि ते खाली बसले.

त्यानंतर आठवड्याभरात ते पुन्हा माझ्या दारात आले. या वेळी सुतळी नव्हती, लाकडी मुठीची छिन्नी होती. "बाई, तुमी पुढं चला. बाईमानूस संगं असलं तर घरातल्या बायकांना आवघड वाटनार न्हाई," असं म्हणाले. त्यांच्यावर माझा राग होताच, त्या दिवशी जास्तच होता. पण मी पायात चपला घातल्या. तेव्हापासून मी समितीत आहे. मी आधी आत जाते, बायकांना सांगते, मग हुसेनभाई येतात आणि तुळईचं भिंतीत गेलेलं टोक छिन्नीनं टोचून पाहतात. एका घरी छिन्नी लोण्यात शिरावी तशी मुठीपर्यंत आत गेली. त्या कुटुंबाला हुसेनभाईंनी त्याच दुपारी आपल्या वखारीत आणून ठेवलं. घर नवं होईपर्यंत एक त्यांची आणि एक त्या कुटुंबाची, अशा दोन चुली तिथे पेटत होत्या. आता जिथे गरज आहे तिथे ते विटांना परवानगी देतात, फक्त पडवी मोकळी ठेवायला लावतात. त्यासाठी भांडतात, विनवतात, प्रसंगी हात जोडतात. एवढ्या वर्षांत पेठेत दुसरं घर पडलेलं नाही.

सरूबाईंच्या दाराशी मात्र त्यांचं काही चाललं नाही. घर उभं करायला त्यांनी वखारीतलं उत्तम सागवान पाठवलं, ते सरूबाईंनी गाडीसकट परत पाठवलं. त्यांनी रस्त्याला लागून सरळसोट विटांची भिंत घातली, पडवी ठेवलीच नाही. आख्ख्या पेठेत पावसात भिजावं लागतं ते तेवढ्याच जागी. समितीनं त्यांना कधी जाब विचारला नाही.

हुसेनभाईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. हा गौरव व्हावा की नाही, हे ठरवायचा हक्क पेठेत एकाच माणसाला आहे असं मला वाटलं, म्हणून मी सरूबाईंकडे गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. मी विषय काढला. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

"करा की. मला कशापायी इचारता?"

मी म्हटलं, "तुमच्या मनाला लागेल असं काही आमच्या हातून व्हायला नको."

तांदळातला एक खडा वेचून टाकत त्या म्हणाल्या, "माफ केलं असं काय लिवू नका हां. ते न्हाई व्हायचं."

"नाही लिहिणार."

"पन लई जगू द्या त्यांना. भावकीनं म्हादूचं नाव टाकलं, गिरनीवाले इसरले. त्याची आठवन रोज काडनारी आमी दोगंच राह्यलो. मी काय, आज हाय उद्या न्हाई. माज्या मागं ते बी गेले, तर माजं पोर पुन्यांदा मरंल."

हुसेनभाईंना उदंड आयुष्य लाभो, त्यांची प्रकृती धडधाकट राहो. पेठेच्या वतीनं हे मागणं मागायला मला सांगितलं होतं. मी ते सरूबाईंच्या वतीनं मागते.