सोयरिकीचं गणित

दाक्षायणी वळसंगची. एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न सख्ख्या मामाशी, गुरुशांतशी झालं. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. तिच्या आजीचंही तसंच झालेलं. वर्षभरात सिद्धेश्वरी झाली. दोन वर्षांची झाली तरी पोर हाकेला वळेना. तपासण्या झाल्या तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, जन्मापासूनच ऐकू येत नाही. नवराबायको दोघांच्या रक्तात एकच दोष दडलेला आहे, तो दोन्हीकडून आला म्हणून वर आला.

गुरुशांत भला माणूस. सोलापुरात बिऱ्हाड करून त्यानं बायकोला शिकवलं. ती कॉलेजात गणित शिकवू लागली आणि चाळिशीला आल्यावर पीएचडीला तिनं विषय घेतला तो हाच: जनुकं रक्तातून उतरतात, चालीरीती शिकवणुकीतून; दोन्ही एकाच घरात उतरत गेली तर पुढच्या पिढ्यांचं काय होतं? वळसंगच्या आसपासच्या दोनशे घरांच्या वंशावळी तिनं फिरून लिहून आणल्या. समीकरण सांगत होतं की नात्यातली लग्नं थांबली तर अशी मुलं झपाट्यानं कमी होतील. पण ती लग्नं थांबतच नव्हती. ज्या घरात असं मूल जन्मतं, त्या घराला बाहेरची सोयरीक येत नाही, आणि ते घर पुन्हा नात्याकडेच वळतं.

प्रबंधातलं हे प्रकरण लिहून आठवडा झाला नसेल, तोच आई चंद्रव्वा आली. दाक्षायणीचा धाकटा भाऊ बसू एकतीस वर्षांचा झाला होता, त्याला सिद्धेश्वरी करून घ्यायची म्हणाली. दाक्षायणीनं सगळे आकडे समजावून सांगितले. आईनं ऐकून घेतलं.

"तुजं गणित खरं आसंल. पन पोरीला बाहेर कोन करून घेनार? एक नाव सांग की."

नाव नव्हतं. तीन वर्षं स्थळं शोधून झाली होती. ऐकू न येणाऱ्या दोन मुलांच्या घरच्यांनीसुद्धा ऐकणारी सूनच मागितली होती.

तिनं अट घातली, बसूनं रक्त तपासून घ्यावं. बसूनं मुकाट्यानं घेतलं. त्याच्यातही तोच दोष दडलेला निघाला. म्हणजे होणाऱ्या दर मुलाला ऐकू न येण्याची निम्मी शक्यता. आता तरी हा विषय संपेल, असं दाक्षायणीला वाटलं. लेकीला समोर बसवून तिनं खुणांनी सगळं सांगितलं.

सिद्धेश्वरी टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर नक्षी काढायची. एकेक धागा मोजायची तिला सवय. तिनं शेवटपर्यंत पाहिलं, मग तिचे हात हलले.

"मामाला माझ्या खुणा येतात. बाहेर कुणाला येतात? आणि माझ्यासारखं मूल झालं तर काय, आई?"

दाक्षायणीनं हात मांडीवरून उचललेच नाहीत. वाईट म्हणावं तर समोरची लेकच नकोशी ठरत होती. वाईट नाही म्हणावं, तर चार वर्षं ती कशासाठी घरोघरी फिरली? गुरुशांत दारात उभा होता. तो वळून बाहेर गेला.

माघात लग्न झालं. दाक्षायणीला पीएचडी उन्हाळ्यात मिळाली आणि त्याच महिन्यात सिद्धेश्वरीला दिवस गेल्याचं कळलं. दाक्षायणी आता दर रविवारी वळसंगला जाते. लेक हसून पोटावर हात ठेवते, मूल कसं असेल ते खुणांनी विचारते. दाक्षायणी प्रत्येक वेळी तिच्या केसांना तेल लावायला पाठीमागे जाऊन बसते.