ताई, कूस बदलते हं

आयसीयूत सिस्टर म्हणून मला बारा वर्षं झाली. तोंडाची मी फटकळ, पण पेशंट शुद्धीत असो वा नसो, हात लावण्याआधी त्याला सांगायचंच, हे अंगवळणी पडलेलं. "ताई, कूस बदलते हं." एवढ्यानंच माझ्या हातून घोटाळा झाला.

ती पोरगी पहिलटकरीण, सातवा सरत आलेला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून वेरूळकडं आईच्या घरी आली आणि तिथंच मेंदूत रक्तस्राव झाला. मेंदू मृत झालाय, असं डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितलं. पोटातलं बाळ मात्र जिवंत होतं. त्याच्यासाठी मशीनवर तिचा श्वास चालू ठेवला होता. हे बरोबर का चूक, यावर आम्ही सिस्टर लोक डबा खाताना भांडायचो. "तिला कुणी विचारलंय का?" असं मी तावातावानं म्हणायची.

पाचव्या दिवशी सकाळी तिचं ब्लडप्रेशर कोसळायला लागलं. आत्ता सिझर केलं तर बाळ कदाचित वाचेल, थांबलो तर तेही जाईल, असं डॉक्टर म्हणाले. नवऱ्याच्या हातात पेन होतं, पण तो सासूकडं बघत राहिला. बाळंतपण माहेरचं, त्यांच्या होकाराशिवाय तो सही करेना.

"नाय," पोरीची आई म्हणाली. "माझी लेक ऐकती. ही सिस्टर रोज बोलती तिच्याशी. मेलेल्या माणसाशी कुणी बोलतं व्हय? तिलाच विचारा."

अगं बाई! डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मला स्वतःचीच अशी चीड आली म्हणता! तिकडं मॉनिटरवरचे आकडे खालीच चालले होते.

मी त्या आईचा हात धरला. "मावशी, माझं चुकलं. ती ऐकत नाही. मी आपली सवयीनं बोलते. ती पाच दिवसांपूर्वीच गेली."

"पण अंग तर गरम हाय."

"मशीनमुळं, मावशी."

तिनं माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. तिनं लेकीच्या पोटावर हात ठेवला. बोल ना बाई लवकर, असं मला ओरडावंसं वाटत होतं.

"म्हंजी," तिनं विचारलं, "कापताना तिला दुखायचं नाय?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की, मावशी."

तिनं पोटावरचा हात काढला.

"जावईबापू," ती म्हणाली, "करा सही."